रताळी काढायला विमानानं

माझं नाव आरिमे. डोग्लमाच्या डोंगरधारेवरची माणसं मला तोंडावर आरिमे म्हणतात आणि पाठीमागे 'पळता आरिमे'. त्यात खोटं काही नाही. मला एका जागी बसवत नाही. ओढ्याकाठी तळं खणून मी ट्राउट मासे पाळले. पुरानं तळं फोडलं आणि मासे खालच्या गावातल्यांनी भाजून खाल्ले. मग ससे आणले. सशांचं बरं चाललं होतं, पण चुलत्याच्या मयताला पाहुणे जास्त आले आणि डुकरं पुरली नाहीत, तेव्हा ससेही गेले. समुद्राकाठच्या एका माणसानं सांगितलं म्हणून व्हॅनिलाचे वेल लावले. आमच्या या थंडीत व्हॅनिला! वर्षभर लोक विचारत होते, "काय आरिमे, वेलांना स्वेटर घातलेस का?" गोऱ्या पाहुण्यांना मोठ्या डोंगरावर घेऊन जायचं कामही दोनदा केलं. ते फार हळू चालायचे. मला सोसलं नाही.

दर वेळी वाटायचं, आता जमलं. आणि दर वेळी दोन-चार महिन्यांत पाय पुन्हा वाटेकडे वळायला लागायचे. खाली दरीत ट्रकचा आवाज आला की हातातलं टाकून मी धारेच्या टोकाला जाऊन उभा राहायचो. कोण चाललंय, कुठे चाललंय, आणि मी का नाही?

माझी बायको ओटिलिया तशी नव्हती. तिची बाग आमच्या घराखालच्या उतारावर. उतार असा, की बागेतून घरंगळून पाय मोडलेली दोन माणसं आमच्या वाडीत आहेत. वरच्या वाफ्यांत कोबी आणि गाजरं, खाली रताळी. दर गुरुवारी ती बिलम भरायची, त्या विणलेल्या पिशवीचा पट्टा कपाळावर घ्यायची आणि सगळं ओझं पाठीवर टाकून तासभर उतरून रस्त्याला लागायची. तिथून ट्रकनं कुंडियावाच्या बाजारात. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. 'मला अमुक हवं' असं ती कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. मी समजत होतो, तिला काही नकोच आहे.

दोन वर्षं होत आली त्याला. ऑक्टोबरातल्या एका रविवारी चर्चमध्ये सांगितलं, की ऑस्ट्रेलियातल्या शेतांवर सात महिन्यांच्या कामाला माणसं न्यायची आहेत, गुरुवारी कुंडियावाच्या मैदानावर निवड आहे. वीस किलोची गोणी घेऊन मैदानाला दहा फेऱ्या. बस, एवढंच. मी त्या दिवसापासून धारेवर पळायला लागलो. माझा थोरला भाऊ बोंगेरे कुंपणावर बसून बघायचा.

"आरिमे, ऑस्ट्रेलिया त्या बाजूला आहे."

"हसून घे, दादा. विमानातून खाली बघून तुला हात करीन."

गुरुवारी मी आणि ओटिलिया एकाच ट्रकनं गेलो. ती कोबी घेऊन बाजारात, मी मैदानावर.

साठ-सत्तर पुरुष होते. निवडीला राजधानीतून, मोरेस्बीहून, आलेल्या बाई गळ्यात शिट्टी घालून उभ्या होत्या. शिट्टी वाजली आणि मी असा सुटलो की पहिल्या तीन फेऱ्या सगळ्यांच्या पुढे. लोक आरोळ्या देत होते. ओळखीचं कुणी दिसलं की मी एक हात सोडून त्याला हात करत होतो. पाचव्या फेरीला गोणी खांद्यावरून सरकायला लागली. सहाव्या फेरीला सकाळी चघळलेली सुपारी घशाशी आली. सातव्या फेरीत मी मैदानाच्या कडेला बसून भडाभडा लाल ओकलो. कुणीतरी ओरडलं, "अरे, ह्याचं रक्त पडतंय!" आणि दुसऱ्यानं सांगितलं, "रक्त नाही, रुबाब पडतोय."

मी तिथेच सावलीला बसून राहिलो. नंतर बायकांची पाळी होती. दहा जणींची रांग हवी होती, नऊच होत्या. शिट्टीवाल्या बाई गर्दीकडे बघून म्हणाल्या, "अजून एक कोण? गोण्या दहा आणल्यात, एक काय मी घेऊन पळू?"

त्या वेळी मला ओटिलिया दिसली. कोबी संपवून ती मला शोधत आली होती. रिकामं बिलम डोक्यावरून पाठीवर लोंबत होतं. तिला कुणी ढकललं नाही, कुणी नाव घेतलं नाही. ती माझ्याकडे बघून थांबली, मी ओकलेल्या लाल डागाकडे तिनं पाहिलं, आणि मग ती सरळ मैदानात गेली.

गोणी उचलून तिनं बिलममध्ये घातली आणि पट्टा कपाळावर घेतला.

"असं चालत नाही," बाईंचा मदतनीस म्हणाला. "गोणी उचलून पळायचं."

"उचललीच आहे की," ओटिलिया म्हणाली.

"हातात."

"हात मग तिकडे कामाला ठेवू."

बाईंनी हातातला कागद दोनदा वाचला. गोणी कशी उचलायची ते त्यात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी शिट्टी वाजवली.

ती पळत नव्हतीच. मान पुढे, दोन्ही हात मोकळे, आमच्या बायका उतारावरून येतात तशी लहान लहान पावलं टाकत ती चालली होती, फक्त भरभर. पहिल्या फेरीला ती शेवटची होती. सहाव्या फेरीला तिसरी. दहावी फेरी संपली तेव्हा तिच्या मागे आठ जणी होत्या, आणि तिनं थांबून विचारलं, "झालं?"

बाईंनी तिचं नाव लिहून घेतलं. माझं लिहिलेलं नाव त्यांनी मघाशीच खोडलं होतं.

परतीच्या ट्रकमध्ये मी मागच्या फळीला टेकून बसलो होतो. अख्खा ट्रक माझ्याकडे बघत होता.

"आरिमे, आता घरी स्वयंपाक कोण करणार?"

"त्याला ओटिलिया शिकवून जाईल. सात महिने रताळी भाजायची, काय अवघड आहे?"

"भाजायची ठीक आहे, पण आधी काढायला लागतात ना!"

ओटिलिया मांडीवर हात ठेवून रस्त्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर पट्ट्याचा वळ उठला होता. मला तो पुसून काढावासा वाटत होता आणि तिला ट्रकमधून ढकलून द्यावंसंही वाटत होतं. ही दोन्ही वाटणं खरी होती, म्हणून सांगतो.

रविवारी बोंगेरेच्या अंगणात सगळी भावकी जमली. ओटिलियाचा भाऊ गांदे दरीपलीकडून आला होता. बोंगेरे उभा राहिला.

"या बाईसाठी आम्ही तिच्या माहेराला चौदा डुकरं दिली. ती इथल्या बागेसाठी आणि इथल्या घरासाठी दिली. सात महिने परक्या पुरुषांच्या शेतावर राहायला नाही दिली. डुकरांना चारा कोण घालणार? क्लारा सहा वर्षांची आहे, तिला कोण बघणार?"

गांदे बसल्या जागेवरून बोलला, "तुमची डुकरं आम्ही वाटून खाल्ली, बोंगेरेदादा, ती संपली. तिचे पाय अजून तिचेच आहेत. आणि हे काम जर दाजींना मिळालं असतं, तर आज तुम्ही इथे मुमू लावला असता, खड्ड्यात डुक्कर घालून."

"तो पुरुष आहे."

"मैदानावर बघितलं आम्ही."

हशा झाला. मी खाली मान घालून गवताची काडी चावत होतो. मग बोंगेरे माझ्याकडे वळला. "आणि तू? तुला स्वतःची बायको आवरता येत नाही? बोल काहीतरी."

मला 'नाही' म्हणायचं होतं. तीन दिवस मी मनात तेच घोकत होतो. पण भावाचा तो आवाज लहानपणापासून माझ्या कानात आहे. माझं प्रत्येक तळं, प्रत्येक ससा त्या आवाजानं मोजला होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ती जाणार. मी पाठवतोय तिला."

लोकांना वाटलं आरिमे मोठ्या मनाचा. मी फक्त बोंगेरेचं तोंड बंद केलं होतं.

ओटिलियानं माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, "क्लाराच्या बापा, तू मला पाठवत नाहीस. मी जातेय. पण बोललास ते बरं केलंस."

मग सुरू झालं ते वाट बघणं. डॉक्टरची तपासणी झाली, पोलिसांचा दाखला झाला, पासपोर्टचा फोटो झाला. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला. नऊ वर्षांत जिला मी कधी अस्वस्थ पाहिलं नव्हतं, ती आता वाफ्यात खुरपं टाकून मध्येच उभी राहायची. एकच भांडं दोनदा घासायची. क्लाराच्या केसांत हात घालून बसायची आणि क्लारा "आई, दुखतंय" म्हणाली की दचकायची. मी तिला म्हटलं, "जायचं नसेल तर नको जाऊ." ती म्हणाली, "जायचंय म्हणूनच असं होतंय."

आमच्याकडे एकच फोन, तो माझ्या खिशात. आणि नेटवर्क एकाच जागी, वरच्या सुरूच्या झाडांपाशी. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुपारी मी तिथे गेलो आणि निरोप येऊन पडलेला होता: बुधवारी दुपारी बारापर्यंत ओटिलियानं कुंडियावात पोचायचं, तिथून गाडी हागेनच्या विमानतळावर जाईल.

मी फोन खिशात घातला. घरी आलो. ती डुकरांसाठी रताळी उकडत होती.

"आला का काही?"

"काही नाही."

इतकं सोपं होतं ते. मी कुंपण दुरुस्त करायला घेतलं. अर्ध्यात सोडलं. लाकडं फोडायला घेतली. तीही सोडली. मंगळवारी सकाळी पाऊस लागला आणि मी पावसातच धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा जाऊन आलो. फोन खिशात मांडीला लागत होता. बुधवार निघून गेला की मी म्हणणार होतो, की निरोप उशिरा आला, नेटवर्कच नव्हतं. कुणाला संशय आला नसता. ती पुन्हा वाफ्यात बसली असती आणि मी पुन्हा पळता आरिमे झालो असतो, हसण्यापुरता.

मंगळवारी संध्याकाळी क्लारानं दारात दोन दगडांवर एक फळी ठेवून विमान केलं होतं. आईला आत बसवून ती म्हणत होती, "आता हलू नको, आपण वर आहोत." ओटिलिया खरंच हलत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, की मी दारातूनच म्हणालो, "निरोप आलाय. उद्या बारापर्यंत कुंडियावात."

"आत्ता आला?"

"आत्ता."

बुधवारी उजाडताच आम्ही निघालो. क्लाराला बोंगेरेच्या बायकोकडे, वेरोनिकाकडे, सोडलं. रस्त्याला लागलो तर ट्रक नाही. कालच्या पावसानं खाली डोंगराचा तुकडा सुटून रस्ता गिळला होता. आम्ही तिची पिशवी घेऊन चालत निघालो. दोन तासांनी दरडीपाशी पोचलो. वरून चिखल अजून सरकत होता. ओलांडायची एकच वाट, वरच्या वाडीच्या बागांमधून, आणि तिथे त्या वाडीची माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी. रात्रीपासून माणसं त्यांच्या वाफ्यांतून गेली होती, कुंपण मोडून पडलं होतं, डुकरं आत शिरली होती.

"आता कुणी जायचं नाही," त्यांचा म्हातारा म्हणाला. "सरकारला सांगा रस्ता करायला."

पलीकडे एक ट्रक उभा होता. नऊ वाजून गेले होते. ओटिलिया नुसती त्या ट्रककडे बघत राहिली.

मी बोलायला लागलो. बोलणं हे एक काम मला जमतं. म्हाताऱ्याला आजोबा म्हटलं, त्याच्या वाडीत दिलेल्या माझ्या आत्येचं नाव काढलं, माझ्या माशांची गोष्ट सांगितली. तेव्हा तो पहिल्यांदा हसला. ते मासे खायला तोही खालच्या गावात गेला होता. मग मी म्हणालो, "आजोबा, हिला जाऊ द्या. उद्यापासून मी येतो आणि तुमचं कुंपण पुरं उभं करून देतो. मासे हिशेबात धरत नाही, तसंच."

"तू? तुझं नाव ऐकलंय मी. तू काही पुरं करत नाहीस."

"म्हणून तर चार दिवस तुम्हाला करमणूक होईल."

त्यानं कुऱ्हाड बाजूला केली. मी पिशवी डोक्यावर घेऊन पुढे, ती मागे, अशी आम्ही ती बाग ओलांडली. पलीकडे ट्रकपाशी स्कोलास्टिका बसली होती. मैदानावर ओटिलियाबरोबर निवडली गेलेली.

"अगं, होतीस कुठे?" ती ओरडली. "निरोप सोमवारीच आला! काल आली असतीस तर चिखल तुडवायची पाळी आली नसती."

ओटिलिया थांबली. माझ्याकडे वळून तिनं फक्त हात पुढे केला.

"फोन दे."

मी दिला.

"आता तुझे निरोप तू चालत जाऊन घे," ती म्हणाली आणि ट्रकवर चढली. ट्रक वळणाआड जाईपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही. मी तिथे चिखलात उभा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुठेही जावंसं वाटत नव्हतं.

कुंपणाला चार नाही, सहा दिवस लागले. ते मी पुरं केलं. म्हाताऱ्यानं शेवटच्या दिवशी ते हलवून बघितलं आणि मला भाजलेलं रताळं दिलं.

क्लारा वेरोनिकाकडेच राहिली. ओटिलिया दर रविवारी वेरोनिकाच्या फोनवर बोलायची, क्लाराशी. आम्ही सगळे वर सुरूच्या झाडांपाशी जायचो आणि मी कडेला बसून राहायचो. फोन ठेवून वेरोनिका सांगायची, "भाऊजी, तुमच्यासाठी काही नाही." असे दहा-अकरा रविवार गेले. एवढं मात्र कळलं, की क्वीन्सलंडमधल्या त्या शेतावर ती काय काढते तर रताळी! सगळं गाव लोळून हसलं. "रताळी काढायला विमानानं गेली! आम्हाला सांगायचं, आम्ही इथेच दिली असती!" मीही हसलो. मग घरी येऊन तिच्या बागेत गेलो, तर गाजरांची डोकी मातीच्या वर येऊन हिरवी पडली होती.

मे महिन्यातल्या एका रविवारी वेरोनिका म्हणाली, "ती विचारतेय, गाजरांना माती चढवली का."

"चढवली म्हणून सांग."

वेरोनिका फोनवर बोलली, ऐकलं, आणि म्हणाली, "ती म्हणतेय, खरं सांग."

"नाही चढवली," मी म्हणालो. "उद्या चढवतो."

त्या दिवसानंतर दर रविवारी एक प्रश्न असायचा. कोबीची अळी. खालच्या वाफ्यातलं पाणी. मी उत्तर द्यायचो आणि खरं द्यायचो, कारण खोटं बोललो की तिला तिकडे समुद्रापलीकडे कळायचं.

सप्टेंबरच्या शेवटी ती परत आली. तिच्याबरोबर दोन प्लास्टिकचे क्रेट होते, कपडे त्यातच भरलेले. क्लारा वेरोनिकाच्या मागे लपली. ओटिलियानं हात पुढे केले तेव्हा क्लारानं वेरोनिकाकडे बघून विचारलं, "आई, जाऊ का?" वेरोनिकानं तोंड फिरवलं. ओटिलिया तशीच हात पुढे करून गुडघ्यावर बसून राहिली. बराच वेळ. शेवटी क्लारा आली, पण तिच्या कुशीत न जाता क्रेटमध्ये जाऊन बसली.

माझ्याशी ती त्या दिवशी एवढंच बोलली: "कुंपणाचं कळलं मला."

तिला आता बसवत नव्हतं. सकाळी उठून ओढ्यापर्यंत जायची, पाणी बघायची, परत यायची, पुन्हा जायची. आठ दिवसांनी तिनं वाडीतल्या बायकांना बोलावलं.

"आपण गोण्या ठासून भरतो," ती म्हणाली. "ओली माती, ओला पाला, मोठी-लहान सगळी एकत्र. समुद्राकाठी लायच्या मोठ्या बाजारात पोचेपर्यंत अर्धी सडतात. तिथे आम्ही आधी धुवायचो, मग सावलीत वाळवायचो, मग तीन मापांत वेगळी काढायचो. सात महिने मी तेवढंच केलं. त्यांची रताळी आपल्यापेक्षा गोड नाहीत. बरी दिसतात, एवढंच."

"रताळ्यांना अंघोळ!" कुंपणावरून बोंगेरे ओरडला. "उद्या पावडर लावा!"

"लावू, दादा. तुमच्या रताळ्यांना आधी."

चार बायका आल्या, मग सात. ओढ्याकाठी माझ्या फुटक्या तळ्याची एक भिंत उरली होती, तिथे धुण्याची जागा झाली. क्रेट दोनच होते, बाकीच्या पेट्या मी सुरूच्या फांद्यांच्या केल्या. नोव्हेंबरात पहिला माल निघायचा होता. लायला माल घेऊन कोण जाणार, यावर बायकांत कुजबुज चालली होती. ओटिलियानं माझ्याकडे पाहिलं.

"तुला नाहीतरी पळायचंच असतं," ती म्हणाली. "मग गाजरं घेऊन पळ."

दीड दिवस मी त्या पेट्यांवर बसून गेलो. ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती आणि प्रत्येक घाटात मला वाटत होतं, की आता पेटी फुटणार. लायमध्ये एका वसतिगृहाच्या स्वयंपाकी बाईनं पेटी उघडली, एक गाजर उचललं, मोडलं, चावलं. "ही कुठली?" मी गावाचं नाव सांगितलं. तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. "पुढच्या बुधवारी आण," ती म्हणाली. मला नाचावंसं वाटलं, पण मी फक्त मान हलवली, जणू मी हे रोजच करतो.

नाताळापर्यंत बोंगेरेची रताळीही आमच्या पेट्यांत बसायला लागली. पावडरीचा विषय कुणी काढला नाही.

मग जानेवारीत तिला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी निरोप तिच्याच फोनवर आला आणि ती तो हातात धरून सरळ अंगणात आली.

"आता इथे चाललंय की," मी म्हणालो. "कशाला जायचं? आणि क्लारा?"

"माहीत नाही मला." ती ओट्यावर बसली, लगेच उठली. "तिथे होते तेव्हा डोळ्यांसमोर ही धार असायची. इथे आले तर ती लांब शेतं दिसतात. ट्रकचा आवाज आला की माझं लक्ष तिकडे जातं. आधी नव्हतं असं. तुला कसं सोसतं हे?"

"सोसत नाही," मी म्हणालो.

ती हसली. मग रडली. आणि फेब्रुवारीत गेली. क्लाराला या वेळी माझ्याजवळ ठेवून.

आता ऑगस्ट चाललाय. गेल्या शुक्रवारी सकाळी उठलो तर सगळी धार पांढरी. दहिवर गोठलं होतं. ऊन आलं आणि दहापर्यंत वरच्या वाफ्यांतली सगळी पानं काळी पडली. बायका बांधावर उभ्या होत्या. बोंगेरे खाली येऊन माझ्या शेजारी उभा राहिला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. यापूर्वी त्यानं असं कधी केलं होतं ते मला आठवत नाही.

मी क्लाराला घेऊन सुरूच्या झाडांपाशी गेलो. बोंगेरेनं त्याच्या बायकोचा फोन दिला होता.

"काय वाचलं?" ओटिलियानं लगेच विचारलं.

"ओढ्याकाठची गाजरं. खालची रताळी जमिनीत आहेत, पण वेल गेले. वरचं सगळं गेलं."

मग ती म्हणाली, "मी येते. सांगते त्यांना."

"येऊ नको. सात आठवडे राहिलेत. रताळी आम्ही आजपासून काढायला घेतो, सडायच्या आत. रोपं परत टाकू आणि वर गवत अंथरू. बुधवारी जेवढ्या पेट्या होतील तेवढ्या नेईन."

"तू टिकशील?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "पण आज तरी खुरपं हातात आहे."

"लायच्या त्या बाईला आधी कळव. नुसता जाऊन उभा राहू नको."

"कळवतो."

ती आणखी काही म्हणणार होती, पण क्लारा माझा दंड ओढत होती. तिला केव्हाचा फोन हवा होता. दहिवराशी, गाजरांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. सकाळी तिचा पुढचा दात पडला होता आणि तो मुठीत धरून ती डोंगर चढून आली होती. मी फोन तिच्याकडे दिला आणि उतरायला लागलो. खाली बायकांनी खणायला सुरुवात केली होती.